बेळगावात उत्स्फूर्त आणि प्रायोगिक संगीत एकत्र बसून ऐकणारा गट: कोण कोण येणार?

अनाहत | शुक्रवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

टिळकवाडीत आम्ही काही जण महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी एकत्र बसून संगीत ऐकतो. ऐकतो ते फ्री इम्प्रोवायझेशन, म्हणजे राग, ताल, बंदिश, सुरावट असं काहीही आधी न ठरवता तिथल्या तिथं केलेलं वादन. जोडीला प्रायोगिक आणि इलेक्ट्रॉनिक संगीत असतं. बेळगावात भजनी मंडळं आहेत, शास्त्रीय मैफलींना दर्दी श्रोते आहेत, नाट्यगीतांना आजही गर्दी होते. या संगीतासाठी मात्र एकट्यानं हेडफोन लावून बसण्यावाचून मार्ग नव्हता, आणि एकटा माणूस हे ऐकायला बसला की दहाव्या मिनिटाला बंद करतो. शेजारी चार माणसं असली की टिकतो. गट काढला तो एवढ्यासाठी.

पद्धत अशी. काय लावणार ते आधी सांगत नाही. रचना पूर्ण ऐकायची, मध्ये बोलायचं नाही, फोन बाहेरच्या कपाटात. संपल्यावर थोडा वेळ गप्प बसायचं. मग ज्याला आवडलं नाही त्यानं आधी बोलायचं. हा शेवटचा नियम सगळ्यात कामाचा ठरलाय. आवडलेल्यांनी सुरुवात केली की बाकीचे भिडेनं माना डोलावतात आणि चर्चा तिथंच संपते.

या वेळी नवीन लोक येणार आहेत म्हणून अपवाद करून तिन्ही गोष्टी सांगून ठेवतो.

पहिली, लंडनच्या ए.एम.एम. या गटाचं १९६६ चं ध्वनिमुद्रण. १९६५ मध्ये हा गट सुरू झाला. त्यातला कीथ रो गिटार टेबलावर आडवी ठेवून वाजवायचा, आणि वादन चालू असताना जवळचा ट्रान्झिस्टर लावायचा. त्या क्षणी रेडिओवर जे असेल ते आत यायचं.

दुसरी, अहमदाबादची. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन वादकानं मूग सिंथेसायझर (विजेवर सूर तयार करणारं यंत्र) बसवून स्टुडिओ उभा करून दिला होता. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथं काम केलं. त्या टेप कित्येक वर्षं तशाच पडून होत्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकारानं त्या शोधल्या आणि २०२३ मध्ये त्यांतला निवडक भाग प्रसिद्ध झाला. आपल्या देशात असं काही त्या काळी घडलं होतं हे कळल्यावर मला रात्रभर झोप आली नव्हती.

तिसरी, पॉलिन ऑलिव्हेरोस या अमेरिकन रचनाकार बाईची. १९८८ मध्ये तिनं दोन साथीदारांना घेऊन जमिनीखालच्या एका रिकाम्या पाण्याच्या टाकीत उतरून अकॉर्डियन वाजवलं. त्या टाकीत एक सूर सुमारे ४५ सेकंद घुमत राहायचा.

प्रवेश सगळ्यांना मोकळा. वर्गणी नाही. यायचं असेल तर इथं लिहा, पत्ता निरोपातून कळवतो.

जुना_श्रोता | शनिवार, सकाळी ७.१५

अनाहत, उपक्रम चांगला आहे, तुमची तळमळही दिसते. मी शहापूरचा. या भागात किराणा आणि ग्वाल्हेर घराण्यांचं गाणं जेवढं ऐकायला मिळालं तेवढं ऐकत आलो. एक शंका आहे, ती मनापासून विचारतो.

आपल्याकडे गायक बंदिश मांडून विस्तार करतो तेव्हा तोही उत्स्फूर्तच असतो. पण तो मोकळा होतो तो चौकट आहे म्हणून. समेवर नीट आला तर कळतं, चुकला तरी कळतं. वर्ज्य, म्हणजे त्या रागात न चालणारा स्वर लागला तर शेवटच्या रांगेतल्यालाही टोचतो. तुमच्या संगीतात चूक कशाला म्हणायचं? चूकच होऊ शकत नसेल तर बरोबर तरी काय? चांगलं आणि वाईट तुम्ही कशावरून ठरवता?

अनाहत | शनिवार, दुपारी १.०५

काका, हाच प्रश्न आमच्याकडे दर बैठकीत निघतो आणि निघायलाच हवा.

शेफील्डचा डेरेक बेली नावाचा गिटारवादक होता, १९३० चा जन्म, २००५ मध्ये गेला. इम्प्रोवायझेशनवर त्यानं पुस्तक लिहिलं, ते १९८० मध्ये आलं. त्यात सुरुवातीलाच भारतीय संगीतावर प्रकरण आहे. त्यानं उत्स्फूर्त वादनाचे दोन प्रकार मानले. एक, एखाद्या शैलीच्या आत राहून केलेलं, जसं आपलं रागसंगीत, फ्लामेंको, जॅझ. दुसरं, कुठल्याही शैलीला न बांधलेलं. पहिल्याला तो कमी लेखत नाही. आपण दुसऱ्या वाटेनं का जातोय एवढंच सांगतो.

आता चांगलं-वाईट. मी काय ऐकतो ते लिहितो. दोन जण वाजवतायत. एक जण धातूच्या तबकावर धनुकली घासून लांब, कर्कश सूर काढतोय. दुसऱ्यापुढं वाटा असतात: त्याच्याबरोबर जायचं, त्याला छेद द्यायचा, नाहीतर थांबायचं. चांगला वादक तो सूर संपत आलेला ओळखतो आणि तो विरायच्या आत खाली एक बारीक ठोका ठेवतो. त्या ठोक्यामुळे मघाचा कर्कश सूर मागं वळून पाहिल्यावर सुरुवातीसारखा वाटायला लागतो. वाईट वादक त्याच वेळी स्वतःची तयारी दाखवत सुटतो. तुम्हाला हे वेगळं शिकवायची गरज नाही. गाणारा श्वास घेतो त्या जागेत पेटीवाला किंवा सारंगिया काय करतो, इकडे तुमचा कान आधीच असतो. त्याच कानानं ऐका. इथं साथीदार आणि मुख्य असा भेद नाही, म्हणून ते काम सगळ्यांवर पडतं.

आणि चूक होते. समोरच्याचं न ऐकणं ही चूक. संपलेलं असताना ओढत राहणं ही चूक. संपवायचं कुठं हे आधी ठरलेलं नसताना सगळे जण एकाच क्षणी थांबतात, ते ऐकलं की मी तर दाद देतोच.

जुना_श्रोता | शनिवार, दुपारी ४.३०

उत्तर आवडलं. पटलं असं म्हणत नाही. येतो, ऐकतो, मग बोलू.

खुंटी_आणि_मणका | शनिवार, रात्री १०.२०

मिरजेहून लिहितोय. आमच्या घरात तंबोरे बनतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात फोटो आले होते ते आमच्या गल्लीचेच.

काकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. घोडीवर तार टेकते तिथं आम्ही जवारी काढतो. घोडीचा पृष्ठभाग कानसून इतका अलगद उतरता करायचा की तार कंप पावताना त्याला हलकी चाटून जाईल. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. केसाएवढा पुढं-मागं झाला की आवाज बंद होतो, नाहीतर पत्र्यासारखा वाजतो. बरोबर जागी आला की एका तारेतून चार-पाच स्वर वेगळे ऐकू यायला लागतात. त्या वेळी राग नसतो, ताल नसतो, गायकही नसतो. आम्ही तासन् तास नुसता आवाज ऐकत असतो. म्हणून अनाहत म्हणतायत ते मला परकं वाटलं नाही.

याच तंबोऱ्याच्या नादानं अमेरिकेतले लोक वेडे झाले. किराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० मध्ये तिकडे गेले. ला मॉन्टे यंग आणि टेरी रायली हे तिथले नावाजलेले रचनाकार त्यांचे गंडाबंध शिष्य झाले, आणि लांबच लांब एक सूर धरून ठेवणारं त्यांचं संगीत त्या तालमीनं आणखी खोल गेलं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, इथंच दर्ग्यात त्यांची कबर आहे. त्याच घराण्याची ही फांदी कुठल्या कुठं पोचली बघा.

येताना एक तंबोरा आणू का? पहिली रचना लावायच्या आधी दहा मिनिटं नुसता छेडू.

अनाहत | शनिवार, रात्री १०.५०

आणाच! गाडीनं येणार असाल तर स्टेशनवर घ्यायला येतो.

खानापूरची_बाई | रविवार, सकाळी ११.००

मी खानापूर तालुक्यात शाळेत शिकवते. हे संगीत मी फार ऐकलेलं नाही, पण बेलीचं गिटार कुणीतरी पाठवलं होतं. ते ऐकताना मला लगेच चौंडकं आठवलं.

ज्यांनी जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगतिणी ते वाजवतात. लाकडाचं पोकळ नळकांडं, एका तोंडाला कातडं. त्या कातड्यातून तार निघते आणि वर दांडीला बांधलेली असते. नळकांडं बगलेत धरायचं, एका हातानं तार छेडायची आणि ताण कमी-जास्त करायचा. ताण बदलला की स्वर घसरतो, वर चढतो, मध्येच बुडतो. त्या घसरणीला सरगमीत जागा नाही. लहानपणी दारात आलेली जोगतीण आमच्या ओट्यावर बसून वाजवायची. तिचं गाणं थांबल्यावरही नुसतं चौंडकं काही वेळ बोलत राहायचं. मी ते ऐकायला थांबायची.

एक सांगते, आणि हे आवर्जून लिहितेय. त्या आवाजावर प्रेम करताना ते वाजवणाऱ्या बाईचं आयुष्य नजरेआड करू नये. देवाला मुली सोडायला कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंदी आली. त्याआधी सोडलेल्या कितीतरी बायका आजही हलाखीत जगताहेत. गटात कधी चौंडकं ऐकवायचं ठरलं तर मोबाईलवर चोरून केलेलं रेकॉर्डिंग नको. बाईंना बोलवू, मानाची बिदागी देऊ, आणि त्यांना काय सांगायचंय तेही ऐकू.

अनाहत | रविवार, दुपारी १२.१५

ताई, शब्दन् शब्द मान्य. बिदागीसाठी वेगळी पेटी ठेवतो.

निपाणी_एक्सप्रेस | रविवार, दुपारी ३.४०

मी येणार! परतीच्या शेवटच्या बसचं तेवढं बघायला लागेल, बैठक किती वाजता संपते?

आणखी एक सुचवतो. आपण आपल्याच भागातले आवाज रेकॉर्ड करून ऐकूया. कणकुंबीचा पाऊस, गोकाकचा धबधबा, वडगावातले पॉवरलूम. मागाचा खटखटाट तर तयार रिदम आहे, त्यावर कुणी काही वाजवलं तर भारी होईल.

फोनवर करणाऱ्यांसाठी: एअरप्लेन मोड लावा, नाहीतर नेटवर्कची टिकटिक येते. फोन हातात धरू नका, बोटांची खसखस येते. जाड रुमालाची घडी करून त्यावर ठेवा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. ॲपमध्ये वेव्ह फॉरमॅट निवडा आणि आवाजाची पातळी कमीच ठेवा, कारण एकदा फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. पाऊस थेट पत्र्याखाली घेऊ नका, सगळा एकजीव होतो. कौलाच्या पागोळ्यांखाली घागर, पातेलं आणि दगड ठेवून घ्या, प्रत्येक थेंब वेगळा येतो.

अनाहत | रविवार, दुपारी ४.००

साडेआठच्या आत संपवू, म्हणजे निपाणी-चिकोडीकडची मंडळी अडकणार नाहीत.

वडगावकर | मंगळवार, रात्री ११.३०

मी वडगावचा. दोन दिवस धागा वाचायलोय. निपाणीच्या भावानं मनापासून लिहिलंय, खरं मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

माझे वडील पॉवरलूमवर होते. तुम्ही ज्याला रिदम म्हणताय तो धोट्याचा आवाज. धोटा एका बाजूनं सुटतो, दुसऱ्या बाजूला आपटतो, परत. एका शेडात असे किती माग, आणि पाळी बारा तासांची. कानात घालायला कुणी कधी काही दिलं नाही. आता वडिलांना माणसाचा आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. 'स', 'श', 'फ' सगळं सारखंच. नातीनं हाक मारली तरी तोंडाकडं बघून ओळखायला लागतंय. घरात टीव्ही मोठ्यानं, बोलणं मोठ्यानं, त्यावरनं भांडणं.

ज्या आवाजानं त्यांचं ऐकणं गेलं तो एका खोलीत बसून ऐकायचा आणि छान म्हणायचं, हे मला जमणार नाही. तुम्ही करू नका असं म्हणत नाही. हे माहीत असू दे म्हणून लिहिलं.

निपाणी_एक्सप्रेस | बुधवार, सकाळी ६.५०

दादा, वाचून सुन्न झालो. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

अनाहत | बुधवार, रात्री ८.२०

वडगावकर, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. तुमचा मुद्दा या संगीताच्या मुळाशी जातो. कुठलाही आवाज ऐकण्याजोगा असू शकतो, असं जॉन केज या अमेरिकन रचनाकाराच्या काळापासून म्हटलं जातं. १९५२ मध्ये त्याची ४ मिनिटं ३३ सेकंदांची रचना पहिल्यांदा सादर झाली. ट्यूडर पियानोसमोर बसला आणि एकही सूर वाजवला नाही, लोकांनी सभागृहातले आवाज ऐकले. हाच ट्यूडर पुढं अहमदाबादला आला. केजला भारतीय संगीत शिकवलं ते गीता साराभाईंनी, १९४६ मध्ये न्यूयॉर्कला. मला हे सगळं जिवापाड आवडतं. पण तिथल्या श्रोत्यांना उठून जायची मोकळीक होती, आणि काही जण उठून गेलेही. पाळीवरच्या माणसाला ती नसते. तो फरक विसरून आवाजांबद्दल बोलता येणार नाही.

म्हणून गटापुरतं ठरवूया. मागाचं रेकॉर्डिंग लावायचं की नाही हे मागावर काम केलेल्या माणसांनी सांगायचं. ते आणतील तेव्हाच आणि ते लावतील तसंच.

दुसरं, आवाजाची पातळी. ८५ डेसिबलच्या पुढचा आवाज रोज आठ तास कानावर पडत राहिला तर ऐकणं कायमचं जाण्याचा धोका असतो, आणि पुढं दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा धरतात. काही प्रायोगिक संगीत मुद्दाम प्रचंड मोठ्यानं वाजवलं जातं. आपल्या खोलीत ते होणार नाही. मीटर टेबलावर ठेवतो, ७५ च्या वर गेलं की कुणीही उठून आवाज कमी करावा, विचारायची गरज नाही.

सुळेभावी_रोड | गुरुवार, दुपारी २.१०

नमस्कार. माझी घरची भाषा कन्नड, शाळा मराठी. दोन गोष्टी.

एक, तुम्ही निरोप पाठवाल तो दोन्ही भाषांत पाठवा. कन्नडचा मजकूर मी लिहून देतो. माझे दोन मित्र येतील, त्यांना मराठी बोललेलं कळतं पण वाचायला वेळ लागतो. संगीतात शब्दच नाहीत, मग दारात तरी भाषेची अडचण कशाला?

दुसरी, ऑलिव्हेरोसची टाकी वाचून विजयपूरचा गोलघुमट आठवला. वरच्या सज्जात या टोकाला कागद चुरगळला तरी पलीकडच्या भिंतीशी उभ्या माणसाला ऐकू येतो. पण तिथं जाणारा प्रत्येक जण ओरडतो आणि घुमट किती वेळा उत्तर देतो ते मोजतो. सकाळी उघडताच गेलो तर थोडा वेळ शांतता मिळते. गटानं एकदा जायचं का? काही वाजवायचं नाही, नुसतं चालायचं आणि पावलं ऐकायची.

आणि आमच्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले, ८ एप्रिल १९२४. क्षयानं देवासला अंथरुणाला खिळलेले असताना त्यांनी माळव्यातल्या बायकांची लोकगीतं ऐकली, आणि त्या ऐकण्यातून पुढचं सगळं गाणं बदललं. आजारपणात गाणं बंद होतं, कान चालू होता. आपल्या गटात त्यांचं काही लावायचं झालं तर ते 'शास्त्रीय' म्हणून बाजूला काढू नका.

गडहिंग्लजकर | गुरुवार, रात्री ९.००

माझा आक्षेप वेगळाच आहे. जे संगीत त्या क्षणासाठीच आहे, ते तुम्ही प्लेअरवर लावून ऐकताय. ए.एम.एम. मधल्याच कॉर्नेलियस कार्ड्यूनं लिहून ठेवलंय की उत्स्फूर्त वादनाची टेप पोकळ असते. ज्या खोलीत, ज्या माणसांत ते घडलं ते सगळं त्यातून गळून जातं. मग आपण ऐकतोय काय? त्यापेक्षा चार जण वाजवायला बसा, बाकीचे ऐकू. मी क्लॅरिनेट आणतो, बँडमध्ये वाजवतो.

अनाहत | गुरुवार, रात्री ९.४५

कार्ड्यूचं खरं आहे, आणि तरीही बेलीनं १९७० मध्ये ड्रमवादक टोनी ऑक्सली आणि सॅक्सोफोनवादक इव्हान पार्करला घेऊन स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. बेळगावात बसून १९६६ चं लंडन ऐकायला दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

पण क्लॅरिनेट आणाच. पार्कर सोप्रानो सॅक्सोफोनवर श्वास न तोडता मिनिटन् मिनिटं वाजवतो. गालात हवा साठवून ती फुंकत असतानाच नाकानं श्वास घ्यायचा, आपले सनईवाले करतात तेच. तुम्हाला ते येत असेल तर शेवटची वीस मिनिटं तुमची आणि तंबोऱ्याची.

जुना_श्रोता | सोमवार, सकाळी ७.३०

काल आलो होतो. खोलीत पंचवीसेक माणसं असतील, निम्मी माझ्या नातवाच्या वयाची. नियमाप्रमाणे न आवडलेलं आधी.

लंडनचं मला जड गेलं. रेडिओवरचं गाणं मध्येच आलं तेव्हा राग आला. सगळे एकाच थरावर वाजवत होते, कुणी वर येत नव्हतं, कुणी मागं सरत नव्हतं. खानापूरच्या बाई म्हणाल्या की तेच त्यांना आवडलं. त्यावर आमचं जमलं नाही.

अहमदाबादच्या टेपमधला एक तुकडा मात्र परत ऐकायचा आहे. यंत्राचा सूर एका जागी स्थिर धरला होता आणि त्यावर दुसरा हळूहळू सरकत येत होता. दोघं जवळ आले की मध्ये थरथर सुरू व्हायची, आणखी जवळ आले की ती मंद व्हायची. तंबोऱ्याचा जोड, म्हणजे एकाच सुराच्या मधल्या दोन तारा लावताना आम्ही हेच ऐकतो आणि थरथर थांबली की खुंटी सोडतो. इथं त्या माणसानं थरथर थांबू दिली नाही. मिलनाच्या अलीकडे थांबून राहिला. मी इतकी वर्षं जिथं पोचण्यासाठी ऐकत होतो, त्याच्या अलीकडेही थांबता येतं, हे माझ्यासाठी नवं आहे.

क्लॅरिनेट आणि तंबोरा: पहिली काही मिनिटं क्लॅरिनेटवाल्यांना तंबोऱ्याच्या षड्जाचा मोह सुटेना. सगळं भूप रागाकडे झुकायला लागलं. मग मिरजेच्या पोरानं तार छेडायची थांबवली, दोरा काढून घेतला आणि बिनजवारीची बोथट तार वाजवली. क्लॅरिनेट दचकलं, एक सूर फाटला, आणि तिथून पुढं दोघं खरंच एकमेकांचं ऐकत होते. हे कुणी सांगून झालं नसतं. पुढच्या वेळी पुन्हा ही जोडी हवी.

खुंटी_आणि_मणका | सोमवार, सकाळी ९.१०

काका, दोरा काढताना हात थरथरत होता. आमच्या घरात कुणी बघितलं असतं तर ओरडले असते.

खानापूरची_बाई | सोमवार, सकाळी १०.४०

काका, 'कुणी वर येत नव्हतं' म्हणता तेच तर मला हवं होतं. कुणालाच पुढं यायची घाई नसलेलं संगीत मी पहिल्यांदा ऐकलं. पुढच्या वेळी शेजारी बसू आणि तोच भाग परत लावू, मग भांडू.

वडगावकर | सोमवार, रात्री १०.१५

मीपण आलो होतो, मागं दाराशी बसलो होतो. टाकीतलं अकॉर्डियन पूर्ण ऐकलं. बाकीच्यावर अजून बोलत नाही.

अनाहत, तुमचा डावा स्पीकर खालच्या सुराला खरखरायलाय. रेकॉर्डिंगमधलं नाही ते, पुढच्या जाळीचा नाहीतर मागच्या प्लेटचा स्क्रू सैल आहे. जॉबरकी, म्हणजे माग दुरुस्त करायचं काम केलंय मी, माग कुठं सैल झालाय ते आवाजावरनं कळतंय. पुढच्या रविवारी पाना आणि रबरी वॉशर घेऊन अर्धा तास आधी येतो.